पाणी पिऊन जायचे कुठे?

(फुले-आंबेडकर जयंती सप्ताहात आपल्या मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या हैदराबादेत सरकारी दवाखान्यात तीस वर्षांहून अधिक काळ सेवा करून निवृत्त झालेल्या डॉक्टर असून मंडळाच्या आजीव सभासद आहेत. – संपादक)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावले ते 'उतारवयातील मधुमेह' या विषयावर. पत्रिकेत तेच छापले आहे. आठ दिवसांपूर्वी मी फोन करून विषय बदलण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, पण "मॅडम, जरा सांभाळून" असेही म्हणाले. तेव्हा मधुमेहाबद्दल एवढेच सांगते की गोड कमी खा, रोज चाला आणि स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. उरलेला वेळ मला दुसऱ्या एका गोष्टीसाठी हवा आहे. माणसाला त्याच्या रंगावरून, वंशावरून, जातीवरून दूर ठेवले की त्याच्या प्रकृतीचे काय होते, हे मी एक डॉक्टर म्हणून आणि या शहरातल्या एका जुन्या मराठी घरातली सून म्हणून सांगणार आहे.

फेब्रुवारी २०१७ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. श्रीनिवास कुचिभोतला हा आपल्या हैदराबादचा इंजिनिअर. २२ तारखेला अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी, कामावरून सुटल्यावर तो मित्राबरोबर बसला होता. एका गोऱ्याने 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला. त्याचा मित्र जखमी झाला, आणि मारेकऱ्याला अडवायला धावलेला इयन ग्रिलॉट हा गोरा तरुणही जखमी झाला. त्याचेही नाव लक्षात ठेवायला हवे.

त्या दिवसांत मी संध्याकाळी घरीच दोन तास पेशंट बघत असे. पुढचे दोन आठवडे माझ्याकडे येणाऱ्यांत आपल्याच ओळखीचे आई-वडील जास्त होते, ज्यांची मुले डॅलसला, न्यू जर्सीला, अटलांटाला आहेत. कुणाला झोप नाही, कुणाच्या छातीत धडधड. एका काकूंचे बीपी वर्षानुवर्षे १३० च्या आत होते, ते १७० वर गेले. त्यांना कुणी हात लावला नव्हता. गोळी हजारो मैलांवर झाडली गेली होती आणि रक्तदाब काचीगुड्यात चढला होता. बाहेर मातृभाषेत मोठ्याने बोलू नका, असे निरोप तेव्हा तिकडे फिरत होते. माझ्या मुलानेही सांगितले, "आई, दुकानात असलो तर मी फोन उचलणार नाही." मी त्याला "बरं" म्हटले आणि त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

असे का होते, याचे वैद्यकीय उत्तर साधे आहे. धोका दिसला की शरीर तयारीला लागते. अॅड्रिनॅलिन वाढते, कॉर्टिसॉल वाढते, नाडी जलद होते, रक्तात साखर सोडली जाते. वाघ समोर आला तर हे उपयोगी आहे, कारण वाघ पाच मिनिटांत जातो किंवा आपण जातो. पण धोका रोजचा असेल, सकाळी घराबाहेर पडल्यापासून प्रत्येक दारात 'आता काय बोलतील' ही धास्ती असेल, तर ही तयारी उतरतच नाही. मग रक्तवाहिन्या कडक होतात, साखर बिघडते, गरोदरपणी मूल कमी वजनाचे होते. आर्लिन जेरोनिमस या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९२ साली या झिजेला 'वेदरिंग' असे नाव दिले. ऊनपावसाने दगड झिजतो तसे हे शरीराचे झिजणे. गोऱ्या बायकांची विशीत झालेली बाळंतपणे किशोरवयातल्यापेक्षा सुखरूप होतात. काळ्या बायकांत मात्र वय वाढेल तसा धोका वाढत जातो, असे त्यांना दिसले. बाई पंचविशीत पोचेपर्यंत तिचे शरीर पुष्कळ झिजून गेलेले असते.

इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. अमेरिकेतला वर्णद्वेष आपल्याला लगेच समजतो, कारण तिथे आपली मुले खालच्या पायरीवर उभी असतात. आता घरी येते.

आमचे घर कुतबीगुड्यात. १९९० नंतरच्या काळातली गोष्ट. आमच्याकडे भांडी-धुण्याला एक बाई होत्या. मुशीकाठच्या एका बस्तीतून पहाटे पाचला निघायच्या, आपल्याच लोकांच्या चार घरी कामे करून दुपारी दोन-अडीचला परत जायच्या. त्यांचे नाव मी इथे घेत नाही. त्यांच्यासाठी स्टीलचा एक पेला मोरीच्या वरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. तुम्ही हसू नका आणि मान खालीही घालू नका. या सभागृहात असा कोनाडा ज्यांच्या घरी नव्हता, अशी घरे फार निघणार नाहीत. माझ्या सासूबाई प्रेमळ होत्या. दसऱ्याला बाईंना लुगडे देत, त्यांच्या मुलीच्या शाळेची फी भरत, आजारपणात घरी डबा पाठवत. दुष्ट माणसेच भेदभाव करतात अशी आपली समजूत असते, म्हणून हे सांगते.

एकदा ओपीडीत रांगेत मला त्या दिसल्या. थंडी वाजून ताप, कमरेत कळ, लघवीला जळजळ. मूत्रपिंडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग. केसपेपर पाहिला तर वर्षातली ही तिसरी वेळ. मी औषध लिहिले आणि आम्ही डॉक्टर मंडळी जे सांगतो ते सांगितले. भरपूर पाणी पी. दिवसाला तीन लिटर. पुन्हा असे झाले तर किडनी जाईल. थोडे रागावूनच बोलले असेन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पानी पी को जाना कां, अम्मा?"

पाणी पिऊन जायचे कुठे. मला क्षणभर कळलेच नाही. मग कळले. पहाटे पाच ते दुपारी अडीच, चार घरे, आणि त्या चारांपैकी एकाही घरात त्यांना संडासात जायची मुभा नव्हती. चारांतले एक घर माझे होते. आम्ही कधी 'नाही' म्हटलेही नव्हते, म्हणावे लागलेच नव्हते. म्हणून त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पीत. वेगळा पेलाही त्यांनी कधी पुरा भरून घेतला नव्हता.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मागचा संडास उघडून दे तिला." पेल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. तो पेला त्याच कोनाड्यात आणखी सहा वर्षे होता. एमबीबीएस आणि एमडी ह्या दोन पदव्या घेतलेल्या बाईच्या घरात.

२००४ साली त्या बाई गेल्या. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि वय पन्नाशीच्या आत होते. त्यांना बीपीही होते, खड्यांचाही त्रास होता. एकाच कारणावर बोट ठेवणे वैद्यकाला शोभत नाही. पण माझ्याच घरातल्या रिवाजाने त्यांच्या आजारात भर घातली, हे मी डॉक्टर म्हणून नाकारू शकत नाही.

आता काही आकडे. ते कोरडे असतात, पण त्यांच्याशिवाय 'हे एखाद-दुसऱ्या घरचे' असे म्हणून आपण सुटतो. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या चाळीस हजारांहून अधिक कुटुंबांना विचारले गेले की तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळते का. २७ टक्के कुटुंबांनी हो म्हटले. ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण ५२ टक्के होते. हे तोंडाने कबूल केलेले, न कबूल केलेले वेगळेच. २००६ साली ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे एक तृतीयांश खेड्यांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलित वस्तीतल्या घरी जायला नकार देतात असे आढळले. ज्या नर्सबाईने गरोदर बाईचे पोट तपासायचे, तीच उंबऱ्याबाहेरून विचारून जाते. गोळ्या हातावर वरून टाकल्या जातात. दवाखान्यात बोट न लावता केलेली तपासणी मी पाहिली आहे, आणि तपासणाराही 'गर्दी फार आहे' असेच कारण देतो.

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात आपल्या देशातल्या दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय वरच्या जातीतल्या स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याचे दिले आहे. हे मृत्यूच्या वेळच्या वयाचे गणित झाले. आयुर्मान काढायची रीत वेगळी असते. त्या रीतीने केलेला अभ्यास २०२२ साली आला. नऊ राज्ये आणि सुमारे दोन कोटी लोकांची माहिती. आपले राज्य त्यात नाही. वरच्या जातीतल्या हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी, मुसलमानांचे साधारण एका वर्षाने कमी.

इथे आपल्याकडचे सुशिक्षित लोक हमखास म्हणतात, "मॅडम, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही." मीही असेच म्हणत असे. त्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. घरातली सुबत्ता सारखी धरून तुलना केली, तेव्हा निम्म्याहून कमी फरकाचा उलगडा झाला. बाकीचा तसाच उरला. कमाई जवळपास तेवढीच, तरी आयुष्य तोकडे. हा उरलेला फरक कोनाड्यातल्या पेल्यात शोधावा लागतो, तपासणीच्या वेळी न लागलेल्या हातात शोधावा लागतो.

दुसरी हरकत अधिक विद्वत्तेची. जात म्हणजे वंश नव्हे, मग अमेरिकेची तुलना कशाला? २००१ साली डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा भारत सरकारने हीच भूमिका घेतली होती आणि आपले दलित कार्यकर्ते तिथे जाऊन तिच्याविरुद्ध भांडले होते. खुद्द बाबासाहेबांनीही १९३६ साली लिहून ठेवले आहे की जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण प्रश्न वंशाच्या व्याख्येचा नसून जन्मावरून माणसाला दूर ठेवण्याचा आहे, आणि त्याचा शरीरावर होणारा परिणाम दोन्हीकडे सारखा आहे. आपल्या भाषेत हे साम्य कुणी पाहिले नव्हते असेही नाही. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून, कारण त्यांनी काळ्या माणसांची गुलामगिरी मोडली होती. पुण्यातल्या एका माळ्याला दीडशे वर्षांपूर्वी जे दिसले, ते दिसायला आम्हाला मुले अमेरिकेत पाठवावी लागली. त्याच जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सुरुवात पाण्यापासून केली. १९२७ साली महाडलाही पाण्यापासूनच झाली.

१८९७ या एका सालातल्या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी-शेजारी आठवतात. मार्च महिन्यात पुण्याभोवती प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याने गावाबाहेर दवाखाना घातला होता. प्लेग झालेल्या एका अस्पृश्य मुलाला सावित्रीबाईंनी उचलून त्या दवाखान्यात नेले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. बेगमपेटेतली ती इमारत तुम्ही पाहिली असेल. ज्याचे रक्त त्या डासांनी प्यायले तो हुसेन खान नावाचा आपल्यासारखाच इथला माणूस. रॉसने त्याला दर डासामागे एक आणा दिला. शोध मोठा होता, पण त्याचा एक वापर कसा झाला पाहा. पश्चिम आफ्रिकेतल्या इंग्रज अंमलदारांना सल्ला मिळाला की आफ्रिकन मुलांच्या रक्तात मलेरिया असतो, म्हणून गोऱ्यांनी त्यांच्यापासून लांब राहावे. १९०४ साली फ्रीटाऊनजवळच्या टेकडीवर गोऱ्यांसाठी वेगळी वस्ती उभी राहिली, वर जायला रेल्वेसुद्धा टाकली. रॉस स्वतः डबकी बुजवा, गटारे साफ करा म्हणून सांगत होता, पण टेकडीवर राहायला जाणे अंमलदारांना सोयीचे वाटले. खालच्या गावातले डास खालीच राहिले.

आपल्या अपार्टमेंटमध्ये कामवाल्या बायकांसाठी वेगळ्या लिफ्टची पाटी पाहिली की मला ती टेकडी आठवते. 'कोविडमध्ये सुरू केलं, मग राहून गेलं' असे सोसायटीचे लोक सांगतात.

हैदराबादेत आपण रोज ए.सी. गार्ड्सवरून जातो. 'ए.सी.' म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी. निजामाच्या हबशी घोडदळाचे लोक तिथे राहत, त्यांचे वंशज अजूनही राहतात. लग्नात मर्फा वाजवायला आपण त्यांना हौसेने बोलावतो, आणि त्यांच्या मुलांना रस्त्यात काय हाका मारल्या जातात ते त्या मुलांनाच विचारावे. ज्या मलिक अंबरच्या फौजेतून शहाजीराजे १६२४ साली भातवडीला लढले, तो हबशीच होता, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. मे २०१६ मध्ये बंजारा हिल्सला पार्किंगच्या भांडणातून एका नायजेरियन विद्यार्थ्याला लोखंडी सळईने मारहाण झाली होती. आफ्रिकन मुलांना घर द्यायला कुणी तयार नसते. देणारा दुप्पट भाडे घेतो. कॅन्ससच्या बातमीने ज्यांची झोप उडाली, त्यांतल्याच एका घरमालकांनी मला अभिमानाने सांगितले होते की आम्ही काळ्यांना ठेवून घेत नाही.

मनावर काय होते ते मी थोडक्यात सांगते, कारण तो माझा विषय नाही आणि दुःख मोठे आहे. आपल्या गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीव दिला. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली, आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरला गेला. डॉक्टर होणाऱ्या मुलीची ही गत, तर पेशंटची काय असेल? त्याच वर्षी एक मराठी मुलखातली आई आणि एक तेलुगू आई, आबेदा तडवी आणि राधिका वेमुला, सर्वोच्च न्यायालयात एकत्र गेल्या. विद्यापीठांत समानतेचे नियम २०१२ पासून कागदावर आहेत, ते अमलात आणा, एवढेच त्यांचे मागणे होते. मराठी-तेलुगू ऐक्यावर आपण या व्यासपीठावरून पुष्कळ भाषणे ऐकली. हे ऐक्य मात्र आपल्या एकाही ठरावात आलेले नाही.

आपल्या मंडळाकडे येण्याआधी जागेबद्दल एक शब्द. आपले पूर्वज नुसते बसून नव्हते. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या काळात १९०७ साली विवेक वर्धिनी निघाली. जवळजवळ त्याच दिवसांत इथल्या अस्पृश्य समाजातून भाग्यरेड्डी वर्मा उभे राहिले. १९०६ साली जगन्मित्र मंडळी, १९११ साली मान्य संघम. इसामिया बाजारात त्यांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. आपण मराठी साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला ज्या इसामिया बाजारात जातो, तोच हा. आपल्या स्मरणिकांत कोरटकरांचे फोटो आहेत, वर्मांचा एकही नाही. आणि 'आपण मराठी' म्हणतो तेव्हा कोण डोळ्यांसमोर येते? तेलंगणच्या अनुसूचित जातींच्या यादीतल्या ५९ नावांत महार आहेत, मांग आहेत, मांग गारोडी आहेत. तेही पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. आपल्या सभासद-यादीत त्यांची घरे किती, ते मी मोजले. मोजायला वेळ लागला नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात सरकारी जातसर्वेक्षणाची माणसे घरोघर आली, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना राग आला होता. "आम्ही जात मानत नाही, लिहू कशाला?" न मानणे ज्यांना परवडते त्यांचा हा राग. माझे म्हणणे उलट आहे. लिहा. आणि मते मागायला उमेदवार आले की शाळेच्या अनुदानाबरोबर एवढे मागा, की बाळंतपणातले मृत्यू, मुलांतला अशक्तपणा, क्षयाचे रुग्ण हे सगळे समाजवार मोजून दरवर्षी जाहीर करा. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसा मंजूर होत नाही, हे मी तीस वर्षे सरकारी नोकरीत पाहिले.

पण जिथे आपणच सरकार आहोत तिथले काय? आपल्याकडे विद्यार्थ्यांसाठी सहा खोल्या आहेत. नांदेड, लातूर, परभणीकडची मुले-मुली अमीरपेटेतल्या क्लासेससाठी येतात, त्यांना त्या देतो. अर्जात आठवा रकाना आहे, 'जात व पोटजात'. गेल्या वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या एका मुलीने तो कोरा ठेवला. खोली रिकामी होती. गुण चांगले होते. अर्ज तीन आठवडे टेबलावर पडून राहिला. कुणी नकार दिला नाही, फक्त 'पुढच्या बैठकीत बघू' म्हटले. त्या समितीत मी होते. चौथ्या आठवड्यात मी तिला फोन केला, तेव्हा ती दिलसुखनगरच्या एका हॉस्टेलवर गेली होती, आठ मुलींच्या खोलीत. तिने मला विचारले, "मॅडम, रकाना भरला असता तर मिळाली असती का?" मला उत्तर देता आले नाही. तो रकाना काढून टाकावा अशी माझी लेखी सूचना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना सवलत द्यायची असेल, आणि ती द्यावीच, तर प्रवेश झाल्यावर दाखला मागता येतो.

दुसरे, सभागृहाच्या दुरुस्तीचा आराखडा. गेल्या सर्वसाधारण सभेत तो सगळ्यांनी पाहिला. वधूपक्षाची खोली आहे, वरपक्षाची आहे, दोन्हींना जोडून नवे संडास आहेत, एसी आहे. मागच्या अंगणात आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका लग्नाच्या दिवशी पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत असतात. वॉचमनचे कुटुंब तर बारा महिने असते. त्यांच्यासाठी आराखड्यात नळ एक आहे, तोही भांड्यांचा. संडास नाही. आपल्या इंजिनिअर सभासदांना मी विचारले. ते म्हणाले, सेप्टिक लाइन मागूनच जाते, खर्च फारसा नाही, कुणी सांगितले नाही म्हणून काढले नाही. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या घरीही कुणी सांगितले नव्हते.

दरवर्षीचे आपले आरोग्य शिबिर याच सभागृहात होते आणि आपणच आपले बीपी मोजून घेतो. या वर्षी मी ते मागच्या बस्तीत नेणार आहे. चार तरुण डॉक्टर तयार आहेत, दोघांना तेलुगू उत्तम येते. टेबल-खुर्च्या मंडळाने द्याव्यात. आणि चहा सगळ्यांना एकाच प्रकारच्या कपात.

दुरुस्ती सुरू व्हायला पावसाळा उजाडेल, हे मला कळते. तोवर एक करता येईल. तळमजल्यावरच्या संडासाला लग्नाच्या दिवशी कुलूप असते आणि किल्ली व्याह्यांच्या ताब्यात देतात. उरलेले दिवस ती ऑफिसात कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. येत्या रविवारी इथे लग्न आहे. सेक्रेटरीसाहेब, ती किल्ली त्या दिवशी माझ्याकडे द्या. मी पहाटे चारला येते.